दोषी सापडतो, चूक हरवते

आपल्या राज्यात कुठे काही कोसळले, फुटले वा जळाले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला मजकूर मी ते न उघडता सांगू शकतो. वर मृतांचा आकडा, त्याखाली मदतीची रक्कम, तिच्याखाली ‘उच्चस्तरीय चौकशी’ आणि शेवटी एखाद्या शाखा अभियंत्याचे, एखाद्या परिचारिकेचे किंवा एखाद्या लिपिकाचे निलंबन. हा क्रम इतका ठरून गेला आहे की भटजीने पोथी न पाहता मंत्र म्हणावेत तसे आपले शासन तो म्हणते. निलंबन झाले की सुतक फिटले. मग पुढचा पावसाळा येईपर्यंत कोणाला काही विचारायचे कारण उरत नाही.

मला या विधीविरुद्ध बोलायचे आहे. निलंबित झालेल्या माणसाची कीव आली म्हणून नव्हे. त्यातले काही जण कीव करण्याजोगे असतात, काही मुळीच नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. दोषी शोधण्याच्या या धांदलीत चूक हरवते. ती कशी झाली, कोणत्या वाटेने आत शिरली, तिला वेळीच कोणी पाहिले होते काय आणि पाहिले असल्यास तो गप्प का बसला, हे प्रश्न त्या निलंबनाच्या आदेशाखाली गाडले जातात. आणि ज्या कचेरीत चूक हरवते त्या कचेरीत ती पुन्हा होते.

धरणांतले, पुलांतले, इस्पितळांतले तुम्हांला काय कळते, असे कोणी मला विचारील. काहीही कळत नाही. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण चूक कशी लपवतात हे शाळामास्तराइतके कोणाला कळते? आणि खलनायक कशासाठी आणतात हे कादंबरीकाराइतके कोणाला ठाऊक असते? कथानक अडले, पात्रांच्या वागण्याची संगती लागेना, की एक दुष्ट माणूस आणून उभा करावा. वाचक त्याच्यावर दातओठ खातो आणि कथेतली भोके त्याच्या नजरेतून सुटतात. ही युक्ती आम्ही लेखक क्वचित आणि थोड्याशा शरमेने वापरतो. शासन ती राजरोस वापरते.

पानशेतपासून सुरुवात करू. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे ते नवे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने धरणही गेले आणि मुठेकाठचे निम्मे पुणे पाण्याखाली आले. काम पुरे होण्याआधीच त्या पावसाळ्याचे पाणी धरणात अडवले गेले होते. पाणी बाहेर सोडायच्या मोरीचे काम अपुरे होते. पोलादाची टंचाई म्हणून मोरीच्या बांधकामात सळयांच्या काँक्रीटऐवजी साधे ठोकळे वापरले होते. मोरीवरची माती खचू लागली तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांच्या श्रमांमुळे पुण्याला काही तास मिळाले असे म्हणतात, आणि ते खरे असावे. पुढे न्यायमूर्ती बावडेकरांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्यांच्या मृत्यूनंतर ते काम न्यायमूर्ती नाईकांकडे आले. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, वकिलांनी वकिलांना कोंडीत पकडले.

हे सारे मी वाचले आहे आणि तरीही माझ्या मनातला एक प्रश्न तसाच आहे. त्या जून महिन्यात धरणावर काम करणाऱ्या एखाद्या कनिष्ठ माणसाला, मोजमाप घेणाऱ्याला किंवा एखाद्या मुकादमाला, मोरी तयार नाही, पाणी अडवू नका, असे वाटले असेल, तर ते कोणाला सांगण्याची सोय त्याच्यापाशी होती काय? सांगितले असते तर त्याला शाबासकी मिळाली असती की कामाच्या गतीत खोडा घालणारा म्हणून त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला असता? ‘कोणी केले?’ हा न्यायालयाचा प्रश्न आहे. ‘कोणाला बोलता आले नाही?’ हा कचेरीच्या प्रमुखाचा प्रश्न आहे. पहिल्यावर आपण वर्षे घालवतो. दुसरा विचारलाच जात नाही.

योगायोग असा की पानशेत फुटले त्याच वर्षी पानिपताला दोनशे वर्षे पुरी झाली होती. पानिपताचेही आपण हेच केले. भाऊसाहेबांचा ताठा की होळकरांचे निघून जाणे, यावर बखरींपासून आजच्या कट्ट्यापर्यंत खल चालू आहे. परमुलखात एवढे मोठे सैन्य, बाजारबुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू यांसह नेले तर त्यांना रोज खायला काय घालायचे, हा रूक्ष प्रश्न मात्र कोणाला रंगवून सांगावासा वाटत नाही. त्यात नायकही नाही आणि खलनायकही नाही, फक्त दाणागोटा आहे.

आता याच्या उलट एक उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दख्खनचे पठार अचल आहे, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असे शहाणी माणसे तोवर मानीत होती आणि कोयनेच्या धरणाची आखणीही त्याच समजुतीवर झाली होती. माणसे मेली, घरे पडली, आणि धरणाच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे उंच भागांना आडवे तडे गेले. पण धरण उभे राहिले. पुढे काय झाले? तडे मोजले गेले. नेमके तिथेच का पडले याचा हिशेब मांडला गेला. त्या उंच भागांना पाठीमागून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत केले गेले. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा १९७० मध्ये दुरुस्त झाला. आज जगात कुठेही काँक्रीटची धरणे आणि भूकंप यांचा अभ्यास करायचा झाला तर कोयनेचे तडे समोर ठेवूनच तो करतात.

आमच्या लोकांना ही सद्बुद्धी त्याच वेळी कशी झाली? माझे उत्तर कदाचित चावट वाटेल, पण मला ते खरे वाटते. भूकंपाला कारणे दाखवा नोटीस देता येत नाही. त्याची बदली गडचिरोलीला करता येत नाही. हाताशी दोषी नव्हता, म्हणून नाइलाजाने सर्वांना तड्याकडे पाहावे लागले. आणि तड्याकडे पाहिल्याबरोबर आमचे इंजिनिअर जगात कोणाहून कमी नाहीत हे सिद्ध झाले. याच माणसांना तड्याऐवजी एकमेकांकडे पाहायला लावले असते तर एकाने दुसऱ्याच्या टिप्पणीवर बोट ठेवले असते, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि तडा तसाच राहिला असता.

अर्थात कोयनेचा धडाही धरणापाशीच थांबला. तो मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांपर्यंत आला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक निजले असताना, किल्लारी आणि भोवतालची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. सरकारी आकडाच सुमारे आठ हजारांचा. तो मुलूख तोवर नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून, तिथे लहान लहान हादरे बसत होते. नकाशा दुरुस्त झाला तो २००२ मध्ये. आमच्या आष्टीत आजही तसल्याच भिंतींची, तसल्याच जाड मातीच्या धाब्याची घरे आहेत.

पण दोषी माणूस सापडेना तर काय करावे, यावर आपण अलीकडे एक तोड काढली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसेक माणसे गेली. धरण गळते आहे अशी गावकऱ्यांची तक्रार आधीपासून होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी मात्र सांगितले की खेकड्यांनी धरण पोखरले. साऱ्या महाराष्ट्राने त्यांची टर उडवली. कोणी त्यांच्या दारात खेकडे नेऊन टाकले, कोणी व्यंगचित्रे काढली.

मी त्या हसणाऱ्यांत नव्हतो, आणि त्याचे कारण सांगतो. खेकडा मातीचा बांध पोखरतो हे खोटे नाही. ज्याने शेतात बांध घातला आहे त्याला विचारा. खेकडा पोखरतो, घूस पोखरते, उंदीर पोखरतो, बाभळीचे वाळलेले मूळही कुजून आत पोकळी करते. म्हणूनच मृगापूर्वी शहाणा कुणबी बांधावरून एक फेरी मारतो. बीळ दिसले की त्यात मुरूम ठासतो, सांडव्यात वाढलेले गवत काढतो. आणि एवढे करूनही बांध फुटलाच, तर दुसऱ्या दिवशी चिखलात उभा राहून पाणी पहिल्यांदा कुठून गेले ते तो शोधतो. त्या वेळी तो घुशीला शिव्या देत बसत नाही. दिल्या तरी हाताने खोरे चालू असते. मंत्र्यांचा अपराध खेकड्याचे नाव घेण्यात नव्हता. नाव घेऊन ते थांबले, हा अपराध होता. खेकड्याने बीळ केले असे क्षणभर धरून चाला. मग बांधावरून फेरी मारण्याचे काम कोणाचे होते? तो गेला होता काय? गेला असेल तर त्याने काय लिहिले? लिहिले असेल तर तो कागद कोणत्या टेबलावर झोपला? खरी चौकशी खेकड्यानंतर सुरू व्हायला हवी होती. पण खेकडा सापडताच आमच्या कारभाराला हायसे वाटले. माणूस निलंबित करायची वेळ येण्याआधी एक खेकडा निलंबित करून पाहिला, इतकेच.

हे कचेऱ्यांचे वळण कसे पडते ते मी जवळून पाहिले आहे. एका शाळेतली गोष्ट सांगतो. शाळा कोणती आणि अधिकारी कोण, याला महत्त्व नाही, कारण अशा शाळा शेकड्यांनी आहेत. एका वर्गखोलीच्या तुळईला तडा गेला. एका सरळमार्गी शिक्षकाने तो पाहिला, मुलांना व्हरांड्यात बसवले आणि वर कागद पाठवला. खोली धोक्याची आहे, निर्लेखनाचा प्रस्ताव घ्यावा. आठवड्याने उत्तर आले. तडा नेमका कोणत्या तारखेस निदर्शनास आला? त्याआधी निदर्शनास का आला नाही? आणि परवानगीवाचून वर्ग व्हरांड्यात का भरवला? तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. शिक्षकाने खुलासा दिला. तो असमाधानकारक ठरला. खोलीचे पुढे काय झाले म्हणाल, तर तिला कुलूप लागले आणि अजून ती तशीच उभी आहे. पण त्या दिवसापासून त्या केंद्रातल्या एकाही शाळेतून तड्याचा कागद वर गेला नाही. भिंती एकाएकी मजबूत झाल्या असे समजायला हरकत नाही! त्या साहेबांच्या अहवालात तर तसेच दिसत असणार: तक्रारी निरंक.

‘निरंक’ हा शब्द आमच्या सरकारी मराठीतला सर्वांत भयंकर शब्द आहे. अपघात निरंक, गळती निरंक, गैरहजेरी निरंक. जिथे सारे निरंक तिथे एक तर देव राहतात किंवा भ्यालेली माणसे राहतात.

आणि ही भीती नोकरीत आल्यावर लागते असेही नाही. ती आम्हीच शाळेत लावतो. वहीत खाडाखोड केली की गुण कापायचे, स्वच्छ वही दिसली की ‘छान’ म्हणायचे. पोर लवकरच शिकते. चुकलेले गणित खोडण्यापेक्षा पान फाडावे. पान फाडले की त्याला जोडून असलेले पलीकडचे पानही सुटते, म्हणून तेही फाडावे. वर्षअखेरीस दोनशे पानांची वही एकशे तीस पानांची होते आणि तिच्यात एकही चूक नसते. गणित शिकवणाऱ्याला त्या सत्तर पानांचीच खरी गरज असते. मूल हातचा घ्यायला विसरते की स्थान चुकवते, हे तिथेच कळणार असते. पण ती पाने होळीत गेलेली असतात. असे पान फाडायला शिकलेले पोरच मोठे होऊन अधिकारी होते. त्याला आपण नियम, परिपत्रके आणि संगणक देतो. पान फाडण्याची सवय मात्र कोणी काढून घेत नाही.

इथे माझे वाचक उसळून विचारतील: मग सिमेंटमध्ये वाळू ढकलणाऱ्या ठेकेदाराला ओवाळायचे काय? टक्केवारी खाणाऱ्या साहेबाला सत्काराचा नारळ द्यायचा काय? मुळीच नाही. चोरी ही चोरी आहे. तिच्यासाठी फौजदार आहे, न्यायालय आहे, तुरुंग आहे; तिथे कोणाची गय करा असे मी म्हणणार नाही. पण चोर आणि चुकलेला यांना एकाच फटक्याने झोडपले की लाभ चोराचाच होतो, हे ध्यानात घ्या. चोर निलंबनाला भीत नाही. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, ओळखी असतात, विभागीय चौकशी रेंगाळते आणि दोन वर्षांनी तो सन्मानाने कामावर हजर होतो. निलंबनाला भितो तो सरळ माणूस, ज्याने तडा पाहिला आणि लिहिला. चोराला पकडायला जो साक्षीदार लागतो तो नेमका हाच असतो. त्याचेच तोंड आपण आधी शिवतो आणि नंतर भ्रष्टाचार वाढला म्हणून टाहो फोडतो.

दुसरा एक वर्ग आहे. तो म्हणतो, खालच्यांना कशाला, वरच्याने राजीनामा द्यावा. लालबहादूर शास्त्र्यांनी दिला तसा. शास्त्रीजींच्या सचोटीपुढे मीही हात जोडतो. पण त्या राजीनाम्याची हकीकत आपण नीट आठवत नाही. सप्टेंबर १९५६ मध्ये महबूबनगरजवळ पूल खचून गाडी कोसळली, शंभरांहून अधिक माणसे गेली. महबूबनगर तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यासारखेच हैदराबाद राज्यात होते. शास्त्रीजींनी राजीनामा देऊ केला; पंडितजींनी तो घेतला नाही. तीन महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, तिकडे मद्रासकडे अरियलूरजवळ पुरात पूल जाऊन पुन्हा गाडी कोसळली, पुन्हा शंभरांहून अधिक गेली. तेव्हाचा राजीनामा मंजूर झाला आणि इतिहासात गेला. पहिल्या पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत काय पोहोचले, हे मात्र कोणी विचारीत नाही. राजीनाम्याने माणूस उजळून निघतो. पूल त्याने मजबूत होत नाही. आणि खरे सांगायचे तर राजीनाम्याची मागणी करणारांनाही पुलात रस नसतो. त्यांना खुर्चीत असतो.

याहून वेगळा पुढारी आपल्या देशात झालाच नाही असे नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला आपला पहिला उपग्रहवाहक अग्निबाण बंगालच्या उपसागरात पडला. अब्दुल कलाम त्या प्रकल्पाचे प्रमुख होते. उड्डाणापूर्वी यंत्राने थांबण्याचा इशारा दिला असता पुढे जाण्याचा निर्णय त्यांचाच होता. वार्ताहरांसमोर मात्र संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः जाऊन बसले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. पुढे १८ जुलै १९८० ला अग्निबाण यशस्वी झाला तेव्हा वार्ताहरांसमोर त्यांनी कलामांना पाठवले. ही गोष्ट आम्ही शाळाशाळांतून सांगतो, मुले टाळ्या वाजवतात, आणि तिच्यातला मुख्य भाग आम्ही गाळतो. धवनांच्या मनाचा मोठेपणा खराच. परंतु त्या मोठेपणाचा उपयोग काय झाला? बाहेरची बोंब त्यांनी अंगावर घेतली, म्हणून आत ज्यांच्या हातून चूक झाली होती त्यांना मान खाली न घालता ती उघडून पाहता आली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतल्या झडपेतून आम्ल गळाले होते, हे शोधले गेले. ज्या माणसाला ती झडप सर्वांत चांगली ठाऊक झाली होती तोच माणूस अकरा महिन्यांनी त्या कामावर होता. आमच्या पद्धतीने चालले असते तर ११ ऑगस्टला कलाम निलंबित झाले असते, नव्या साहेबांनी १२ तारखेला सूत्रे हाती घेतली असती, आणि झडपेचे नावही ज्याला ठाऊक नाही अशा माणसाने पुढला अग्निबाण सोडला असता.

आकाशातल्या गोष्टी जमिनीवर चालत नाहीत, असे म्हणाल, तर मी तालुक्यापुरतेच मागणे मागतो. दर महिन्याला आढावा बैठक होते. तीत प्रत्येक खाते उभे राहून ‘काम प्रगतिपथावर आहे’ असे म्हणते आणि चहा पिऊन खाली बसते. त्या बैठकीत साहेबांनी एकदा पहिला प्रश्न असा विचारावा: या महिन्यात काय बिघडले? आणि उत्तराला कोणी उठत नसेल, जे नक्की होईल, तर आपल्या कचेरीत काय बिघडले ते त्यांनीच आधी सांगावे. जो कागद धोका दाखवतो त्यावर ‘खुलासा मागवा’ असा शेरा मारण्याआधी त्यांनी स्वतः ती जागा पाहून यावी. जुन्या दुर्घटनांचे चौकशी अहवाल कपाटांतून काढून सोप्या मराठीत छापावेत आणि प्रत्येक नव्या शाखा अभियंत्याला रुजू होतानाच द्यावेत. पानशेत कशाने फुटले हे पाझर तलाव बांधणाऱ्या माणसाला माहीत नसावे, यासारखी उधळपट्टी नाही. त्या ज्ञानाची किंमत पुण्याने एकदा मोजलेली आहे.

यातल्या कशालाही निधी लागत नाही, निविदा लागत नाही, मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत. तरीही ते होणार नाही असे म्हणणारे माझे स्नेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मी अद्याप पैज लावलेली नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी डोक्यावरून पाट्या वाहून घातलेले बांध या भागात अजून उभे आहेत, आणि त्यांच्याखाली वस्त्या आहेत. येत्या उन्हाळ्यात एखादा रोजंदारीवरचा माणूस त्या बांधावरून चालत जाईल. त्याला खेकड्याचे बीळ दिसेल. तो खाली येऊन ते साहेबांना सांगेल, तेव्हा साहेब त्याचे नाव लिहून घेणार आहेत, की त्याच्याबरोबर टोपलीभर मुरूम घेऊन वर जाणार आहेत?